तेरा पानं

‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या सातव्या खंडात, १९४३ साली, पान ७६ ते ८८ वर एक शोधनिबंध छापून आला: ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’. लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी, त्या वेळी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. महायुद्ध ऐन भरात होतं, कागदाची टंचाई होती आणि परदेशी टपाल बोटींच्या नशिबावर चालत होतं. निबंधाचा फारसा गाजावाजा झाला नाही.

मराठी वाचकाला कोसंबी माहीत आहेत ते इतिहासकार म्हणून. कार्ल्याच्या लेण्यांकडे व्यापारी वाटांच्या संदर्भात पाहणारे, म्हसोबा-बोल्हाईच्या ठाण्यांवरून जुने रस्ते हुडकणारे, १९५६ साली भारतीय इतिहासाकडे बघायची रीतच बदलून टाकणारं पुस्तक लिहिणारे. त्या दांडग्या सावलीत गणितज्ञ कोसंबी झाकले गेले. पण एखादा औषधी रेणू प्रथिनाला किती वेळ धरून राहील, एखादं प्रथिन स्वतःची घडी कधी मोडेल, यांसारख्या क्वचित घडणाऱ्या गोष्टींचा हिशेब आज संगणकावर मांडला जातो, आणि त्या हिशेबात रोज वापरल्या जाणाऱ्या एका रीतीचं मूळ या तेरा पानांत आहे. त्या रीतीच्या नावात मात्र बहुतेक वेळा पुण्याचा मागमूस नसतो.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. त्यांना हार्वर्डचं बोलावणं आलं, त्यांच्यामागे मुलगाही अमेरिकेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी उत्तम गुणांनी घेऊन परतला. आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला गणित विभागाचा प्रमुख होता आंद्रे वेय नावाचा पंचविशीतला फ्रेंच माणूस, पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांत गणला गेलेला. वेयच्या चिथावणीवरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक निबंध लिहिला, ज्यात ‘बूर्बाकी’ या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार केला होता. काही वर्षांनी वेय आणि त्याच्या मित्रांनी याच नावाखाली आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहायला घेतली. बूर्बाकीचं नाव छापील गणितात पहिल्यांदा आलं ते असं, कोसंबींच्या हातून, गंमत म्हणून. हा माणूस रुक्ष नव्हता, एवढं यावरून कळतं. पुण्याला तो आला १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि १९३४ मध्ये मद्रास विद्यापीठाचं रामानुजन पारितोषिक त्याला मिळालं.

तोवर त्याचं काम होतं भूमितीतलं. संख्याशास्त्राकडे तो वळला, त्याला एक कारण नाण्यांचं होतं. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेली चांदीची आहत नाणी त्याने एकेक करून तोलायला घेतली. अशी हजारो नाणी पुढच्या वर्षांत त्याच्या तराजूतून गेली. त्याचं म्हणणं साधं होतं. नाणं हातोहात फिरतं, झिजतं. वजन कमी होतं. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून जितका काळ अधिक तितका वजनांमधला पसाराही अधिक. सरासरी घटते आणि विचरण वाढतं, या दोन्हींवरून नाण्याचं वय ताडता येतं. पाठीमागे वेळोवेळी मारलेल्या ठशांची संख्या जसजशी वाढते तसतसं वजन उतरतं, हेही त्याने दाखवलं. खात्री करण्यासाठी चलनातली आधुनिक नाणीसुद्धा तोलली. प्रत्येक नाण्याचा वजनाचा इतिहास म्हणजे काळाबरोबर खाली सरकणारी एक वेडीवाकडी रेघ, आणि साठा म्हणजे अशा हजारो रेघांचा गठ्ठा. मला वाटतं, अख्ख्या रेघेला एक वस्तू समजून तिचं संख्याशास्त्र करण्याची कल्पना अशा माणसाच्या मनात उपजणं स्वाभाविकच होतं. त्याने तसं कुठे लिहिलेलं नाही. हा माझा तर्क.

निबंधातला प्रश्न असा मांडता येईल. शहराचं तापमान दिवसभर नोंदवत बसलो तर कागदावर एक रेघ उमटते. उद्या दुसरी, परवा तिसरी. एका आकड्याची अनिश्चितता सांगायला सरासरी आणि विचरण पुरतं. अख्ख्या रेघेची अनिश्चितता कशी सांगणार? रेघेवर बिंदू अनंत, आणि सकाळच्या बिंदूचा दुपारच्या बिंदूशी संबंध. ते सुटे करता येत नाहीत. कोसंबींनी कोणत्याही दोन क्षणांमधलं सहविचरण घेतलं, म्हणजे एक वर गेला तर दुसरा सरासरी किती वर जातो ते माप, आणि त्यावरून एक समाकल समीकरण मांडलं. त्या समीकरणाची उत्तरं म्हणजे काही ठरावीक आकार. कोणतीही यादृच्छिक रेघ या आकारांची बेरीज म्हणून लिहिता येते; प्रत्येक आकाराला गुणणारा आकडा तेवढा यादृच्छिक असतो आणि हे आकडे एकमेकांशी असंबद्ध असतात. आकार महत्त्वाच्या क्रमाने लागतात. पहिले तीन-चार ठेवले, उरलेले सोडून दिले, तरी जे गमावलं ते कमीत कमी असतं. तेवढ्याच आकारांत याहून चांगलं कुणाला जमणार नाही. अनंत बिंदूंचा गुंता चार आकड्यांवर आला.

युद्ध संपता संपता पॅरिसमध्ये मिशेल लोएव्ह आणि हेलसिंकीत कारी कार्हुनेन या दोघांनी, एकमेकांपासून आणि पुण्यापासून स्वतंत्रपणे, हेच सिद्ध केलं. लोएव्हचं संभाव्यतेवरचं पाठ्यपुस्तक १९५५ मध्ये निघालं, जगभर लागलं आणि नाव रूढ झालं ते कार्हुनेन-लोएव्ह. अलीकडे काही जण आधी कोसंबी जोडतात. कोसंबी मागे पडले यात मला कट दिसत नाही. लोएव्हने त्यावर उभी इमारत रचली, कोसंबी पाया खणून दुसऱ्या प्लॉटवर गेले. १९४३ नंतर या विषयावर त्यांनी मोठं काही लिहिलं नाही. ज्याने शोध लावला त्यानेच पाठपुरावा केला नाही, तर दूरच्या लोकांनी दखल घ्यावी ही अपेक्षा जरा जास्तच.

पाठपुरावा न करण्याचं कारण आळस नव्हे, भूक. लगेच पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये, त्यांचा चार पानांचा निबंध लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. गुणसूत्रावर दोन जनुकं किती लांब आहेत हे संकरातून दिसणाऱ्या अदलाबदलीवरून कसं काढायचं, याचं ते सूत्र. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनचं १९१९ चं सूत्र एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अटकाव करत नाही असं धरून चालायचं. कोसंबींनी तो अटकाव हिशेबात घेतला. हे सूत्र मात्र त्यांच्याच नावाने टिकलं. पिकांच्या जनुकांचा नकाशा काढणारी संगणक-प्रणाली आजही विचारते: हाल्डेन की कोसंबी? मराठवाड्यातल्या जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि गाव बियाण्यांचं केंद्र झालं. बियाण्यांच्या संशोधनात ‘कोसंबी’ हा शब्द असा रुळलेला आहे की तो माणूस इतिहासकार होता हे सांगितलं तर ऐकणाऱ्याला नवल वाटावं.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबी पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत राहिले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंड-अमेरिकेत गणक यंत्रं पाहून आले. १९५८ मध्ये यू. व्ही. राममोहन राव यांच्याबरोबर त्यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात पत्ते पिसण्याबद्दल निबंध लिहिला: हाताने पिसलेला जोड खरोखर किती मिसळतो? विषय ऐकून हसू येतं. पण जोड आपला सुरुवातीचा क्रम विसरला का, हा प्रश्न पुढे संभाव्यतेच्या गणितातला एक मोठा प्रश्न ठरला. बेयर आणि डायकोनिस यांनी बावन्न पानांना साधारण सात वेळा नीट पिसणं लागतं असं दाखवलं (निबंध छापला गेला १९९२ मध्ये), आणि त्याची वर्तमानपत्रांतही चर्चा झाली. या प्रश्नाकडे परत यावं लागेल.

आणि मग १९५९. भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात कोसंबींनी एक निबंध छापला, ज्यात मूळसंख्यांबद्दलच्या रीमानच्या गृहीतकाची सिद्धता असल्याचा दावा होता. शंभर वर्षं कुणाला न सुटलेला प्रश्न, शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात! गणितज्ञांनी तो दावा मानला नाही, आणि बरोबरच केलं. मूळसंख्या यदृच्छेने विखुरल्यासारख्या वागतात हे खरं. पण त्या यदृच्छेने पडलेल्या नाहीत. एकूण शक्यतांपैकी ‘जवळजवळ सर्व’ शक्यतांत विधान खरं ठरतं हे सिद्ध केलं, तरी प्रत्यक्षात समोर असलेली एकमेव मालिका त्या उरलेल्या अपवादांतली नाही हे सिद्ध होत नाही. संभाव्यता शंभर टक्के असणं आणि गोष्ट नक्की असणं यांत फट आहे. अनिश्चितता मोजायचं हत्यार घडवणारा माणूस नेमका त्या फटीत अडखळला. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. त्यामागे हा निबंध होता, भाभांच्या अणुऊर्जेच्या आग्रहाला कोसंबींनी सौरऊर्जेचा पर्याय सांगत केलेला विरोध होता, आणि त्यांचा तिखट स्वभावही होता. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले.

या हिशेबांचा दुसरा धागा निजामाच्या राज्यातला. छत्रपती संभाजीनगरजवळचं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळचं शेंद्रा, जिथल्या औषध कारखान्यांकडे पुढे यायचं आहे, १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतंच. औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता, शेंद्र्याच्या आसपासच्या शेतांमधून मनमाड-सिकंदराबादची मीटरगेज गाडी जायची, आणि मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर डोळे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे लागायचे. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं; मराठवाडा विद्यापीठ तर १९५८ चं. त्याच हैदराबादेत १९२७ मध्ये जन्मलेला अनीसुर रहमान केंब्रिज आणि लूव्हँ इथे शिकून आला, उस्मानियात शिकवू लागला आणि १९६० मध्ये शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत गेला. १९६४ मध्ये त्याने द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू संगणकावर हलवले. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचा जोर किती, त्यावरून क्षणभराने तो कुठे असेल, मग पुन्हा जोर, पुन्हा जागा. खऱ्या द्रवावर प्रयोग करून मिळणारे आकडे या हिशेबातून बाहेर आले. रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं आजचं सगळं शास्त्र रहमानला आपला पूर्वज मानतं. कोसंबी आणि रहमान कधी भेटल्याचं माझ्या वाचनात नाही. भेटण्याचं काही कारणही नव्हतं. पण त्यांची कामं भेटली, तीस वर्षांनी.

भेटायचं कारण होतं एक भिंत. रहमानच्या रीतीत एकेक पाऊल एक-दोन फेम्टोसेकंदांचं असतं, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाचं. याहून मोठं पाऊल टाकलं तर अणू एकमेकांत घुसतात आणि हिशेब फुटतो. उलट प्रथिनाची घडी पडायला, औषध प्रथिनाच्या खोबणीतून सुटायला मायक्रोसेकंद, मिलिसेकंद, कधी कधी तास लागतात. एका मिलिसेकंदासाठी दोन फेम्टोसेकंदांची पाचशे अब्ज पावलं पडतात. डी. ई. शॉ यांच्या गटाने त्यासाठीच ‘अँटन’ नावाचं यंत्र बांधलं आणि २०१० मध्ये अठ्ठावन्न अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या प्रथिनाचा एक मिलिसेकंद पुरा केला, तेव्हा तो विक्रम होता.

गंमत अशी की ती घटना स्वतः लांबलचक नसते. रेणू एका अवस्थेत थरथरत पडून राहतो, फार वेळ. मग अचानक, क्षणार्धात, दुसऱ्या अवस्थेत जातो. डोंगरातली खिंड ओलांडायला दहा मिनिटं लागतात, पण आंधळेपणाने दरीत भटकणाऱ्याला त्या खिंडीच्या तोंडाशी पोचायला वर्ष लागेल. डच भौतिकशास्त्रज्ञ हान्स क्रामर्स याने १९४० मध्येच या उडीचा दर काढायचं गणित मांडलं होतं: चढाव जरासा वाढला की वाट पाहण्याचा काळ घातांकी वेगाने वाढतो. म्हणजे संगणकाचा सगळा वेळ दरीत थरथरण्यात जातो आणि जे बघायचं ते हाती लागत नाही.

यावरचा एक जुना उपाय अणुयुगातला. १९५१ मध्ये हर्मन कान आणि हॅरिस यांनी न्यूट्रॉन जाड भिंतीच्या पार किती जातील हे काढताना भिंतीचे थर कल्पिले. जो न्यूट्रॉन पुढच्या थरात पोचला त्याच्या अनेक प्रती करायच्या आणि तिथून पुढे सोडायच्या. कागदावर हिशेब करून बघण्यासारखा आहे. समजा घटना दहा लाखांत एकदा घडते. सरळ वाट पाहून तिची शक्यता दहा टक्क्यांच्या चुकीने काढायची तर ती शंभरदा तरी घडलेली दिसली पाहिजे, म्हणजे दहा कोटी प्रयत्न. तीच वाट सहा टप्प्यांत तोडली, प्रत्येक टप्पा पार होण्याची शक्यता दहात एक धरली आणि टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर प्रत्येक टप्प्याला पाच हजार चारशे, एकूण साधारण बत्तीस हजार प्रयत्नांत तेवढीच अचूकता मिळते. दहा कोटींच्या जागी बत्तीस हजार! घटना घडायची शक्यता इथे वाढवलेली नाही. फक्त प्रयत्न कुठे खर्च करायचे ते बदललं. याच कल्पनेची पुढची रूपं रेणूंच्या जगात १९९६ नंतर भराभर आली. १९९८ मध्ये बर्कलेत डेव्हिड चँडलर आणि सहकाऱ्यांनी तर दरीचा नादच सोडला: एकदा कशीबशी खिंड ओलांडलेली एक वाट हाती आली की तिला किंचित हलवून दुसरी, तिला हलवून तिसरी, असा वाटांचाच नमुना गोळा करायचा. इथे एकेक नमुना म्हणजे एकेक अख्खी रेघ आहे, हे कोसंबींच्या निबंधानंतर वाचताना नजरेत भरतं.

या सगळ्या युक्त्यांना एक गोष्ट आधी लागते. टप्पे कुठल्या दिशेने आखायचे? हजारो अणूंच्या प्रथिनाला प्रत्येक अणूच्या तीन दिशा, म्हणजे हजारो दिशा. त्यांतली खिंडीची कोणती?

१९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला अमादेई, लिन्सेन आणि बेरेंडसेन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या १२९ अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या सिम्युलेशनमधून सगळ्या अणूंच्या जागांचं सहविचरण काढलं, त्यातून आकार काढले, महत्त्वाच्या क्रमाने लावले. कोसंबींच्या तेरा पानांतली कृती, रेघेच्या जागी प्रथिन. दिसलं असं, की हालचालीचा बराचसा भाग मोजक्याच दिशांत सामावलेला आहे आणि बाकीच्या हजारो दिशा म्हणजे नुसती थरथर. प्रथिनाचा जबडा उघडतो-मिटतो ती हालचाल पहिल्या काही दिशांतच होती. ही रीत रेणूंच्या अभ्यासकांच्या घरोघरी पोचली. त्याआधी दोनच वर्षं, १९९१ मध्ये, घानेम आणि स्पॅनोस या दोन अभियंत्यांनी अशाच आकारांच्या बेरजेवर आपलं पुस्तक रचलं: मातीचा किंवा काँक्रीटचा गुणधर्म जागोजाग अनिश्चित असेल तर त्यावरच्या बांधकामाचं वागणं किती अनिश्चित? अनिश्चिततेचं मोजमाप नावाची जी शाखा आज अभियांत्रिकीत शिकवतात, तिच्यात विद्यार्थ्याला पहिल्या काही धड्यांतच कार्हुनेन-लोएव्ह भेटतात. त्याच १९९१ मध्ये पुण्यात, फर्ग्युसनपासून थोड्याच अंतरावर विद्यापीठाच्या आवारातल्या सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला. योगायोगांना फार अर्थ चिकटवू नये, पण नोंद करायला हरकत नाही.

पुढे एक खोच लक्षात आली. कोसंबींच्या क्रमात पहिली येते ती सर्वांत मोठी हालचाल. पण क्वचित घडणारी घटना मोठीच असते असं कुठे आहे? प्रथिनाची एक शेपटी पाण्यात लांबवर झुलत असते. ती क्रमात पहिली येते आणि तिचा औषधाशी काही संबंध नसतो. उलट खोबणीच्या तोंडावरचा एखादा छोटा कडा हजार वेळा थरथरून एकदाच वळतो आणि सगळं काम त्या वळण्यावर अडलेलं असतं. मोठी हालचाल वेगळी, संथ हालचाल वेगळी. २०१३ मध्ये बर्लिन आणि स्टॅनफर्डच्या गटांनी म्हणून सहविचरण एकाच क्षणाचं न घेता आत्ताच्या आणि काही काळानंतरच्या जागांमधलं घ्यायला सुरुवात केली. ज्या दिशेची आठवण सर्वांत उशिरा पुसली जाते ती पहिली. कृती जवळजवळ तीच, मोजायचं काय ते बदललं. हे मला १९५८ च्या पत्त्यांच्या निबंधाचं १९४३ च्या निबंधाशी झालेलं लग्न वाटतं, दोघांचा बाप एकच असला तरी.

पत्त्यांच्या प्रश्नाकडे परत यायचं होतं ते इथे. सिम्युलेशनमधून दहा लाख चित्रं मिळाली म्हणजे दहा लाख नमुने मिळाले असं नाही. लागोपाठची चित्रं एकमेकांसारखी असतात. जोड अजून मिसळलेलाच नसतो. आधीचं विसरायला रेणूला दहा हजार चित्रं लागत असतील तर खरे स्वतंत्र नमुने शंभरच्या आसपास, आणि चुकीची पट्टी त्या शंभरावरून काढायची. अनेक शोधनिबंधांत ती दहा लाखांवरून काढलेली असते, आणि उत्तर फार नेमकं दिसतं. अशा नेमकेपणावर माझा विश्वास बसत नाही.

हे सगळं कारखान्याच्या दारात येतं तेव्हा त्याला पैशाची आणि माणसांच्या जिवाची किंमत लागते. एचआयव्हीवरचं रिटोनाविर हे औषध अ‍ॅबट कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणलं. १९९८ मध्ये काही कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. आत औषधाच्या स्फटिकाचं दुसरंच रूप तयार झालं होतं, अधिक स्थिर आणि फार कमी विरघळणारं, म्हणजे रुग्णाच्या पोटात निकामी. हे रूप आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याचा पहिला कण जुळून येणं हीच ती क्वचित घटना: रेणूंचा एक छोटा पुंजका ठरावीक मापाच्या पुढे वाढला की वाढतच जातो, तोवर मोडत राहतो. एकदा कण झाला की तो बियाण्यासारखा बाकीच्यांना आपल्या रूपात ओढतो. कंपनीचे शास्त्रज्ञ इटलीतल्या कारखान्याला भेट देऊन आले, त्यानंतर तिथेही ते रूप दिसू लागलं. कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या, रुग्णांना काही काळ कडवट द्रवरूप औषधावर भागवावं लागलं, आणि पुढच्या वर्षी थंडीत ठेवायची नवी कॅप्सूल आली. या प्रकरणाची हकीकत २००० मध्ये कंपनीच्याच रसायनशास्त्रज्ञांनी छापली, त्या निबंधावर पहिलं नाव आहे एस. आर. चेंबूरकर, मराठी वाचक त्या आडनावाशी क्षणभर थबकेलच.

आज शेंद्र्याचं रूप कोसंबींच्या काळातल्या माणसाला ओळखू येणार नाही. चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते ते गाव तेच, पण शेजारी पंचतारांकित औद्योगिक वसाहत, २००१ पासून स्कोडाचा कारखाना, आणि ऑरिक नावाचं आखीव नवं शहर. औषधांचे कारखानेही आहेत. औषधाच्या कुठल्याही कारखान्यात स्थिरतेच्या चाचणीचं कपाट असतं: चाळीस अंश सेल्सिअस, पंच्याहत्तर टक्के आर्द्रता, सहा महिने. नमुने ठेवायचे आणि काही बदलतं का पाहायचं. हे म्हणजे दरीत बसून वाट पाहणंच, फक्त उष्णता वाढवून वाट जरा आखूड केलेली. संगणकावरचे हिशेब आता या कपाटाच्या जोडीला येऊ लागले आहेत: या रेणूची आणखी कोणती स्फटिकरूपं शक्य आहेत, त्यांतलं सर्वांत स्थिर कोणतं, तिथवर पोचायची खिंड किती उंच. उत्तर एका आकड्यात येत नाही, पट्ट्यात येतं, आणि खिंडीच्या उंचीतली थोडीशी चूक वाट पाहण्याच्या काळात दहापट-शंभरपट होऊन बसते. क्रामर्सचा घातांक दोन्ही बाजूंनी कापतो.

कपाटातला नमुना बदलला नाही, म्हणजे काय कळलं? त्यालाही संख्याशास्त्रात जुना ठोकताळा आहे. तीनशे बॅच तपासल्या आणि एकीतही नवं रूप दिसलं नाही, तर पंचाण्णव टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की बॅच बिघडण्याची शक्यता तीन भागिले तीनशे, म्हणजे एक टक्क्याहून अधिक नाही. एक दशांश टक्का म्हणायचं तर तीन हजार बॅच लागतील. तेही त्या बॅच एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर. एकाच कच्च्या मालातून, एकाच पात्रात, एकाच आठवड्यात निघालेल्या तीनशे बॅच तीनशे मोजल्या जात नाहीत.